डोंगर देवाचा, तर पहिली हरकत भक्ताची

पहिला दमदार पाऊस पडून गेला की नागपूरकर शनिवारी पहाटेच गाडी काढतो. कोणी चिखलदऱ्याला, कोणी रामटेक-खिंडसीला, कोणी थेट पचमढीला. दरीच्या काठावर धुकं फाटतं, समोरचा अख्खा डोंगर एकदम उघडा पडतो आणि बडबडी माणसंही क्षणभर गप्प होतात. मग कोणीतरी म्हणतंच, "देवाची करणी आहे बाप्पा." मी हे वाक्य मनापासून मानणाऱ्यांपैकी आहे. एवढं रूप पाहून ज्याचे हात आपोआप जोडले जातात, त्याला भाबडा म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. मला बोलायचंय ते हात जोडून झाल्यावर आपण काय करतो त्याबद्दल.

डोंगर देवाने घडवला असं आपण खरंच मानत असू, तर त्याच्यावर काय बांधायचं, किती गाड्या वर न्यायच्या, कोणता झरा बुजवायचा, या प्रश्नांवर सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक भूमिका श्रद्धावान माणसाची असायला हवी. प्रत्यक्षात चित्र उलटं आहे. हरकत घ्यायला येतात ते पक्षिनिरीक्षक, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, एखाददुसरा वकील. त्यांना लगेच विकासविरोधी ठरवलं जातं, जागा देवस्थानाची असेल तर धर्मविरोधीही. आणि आम्ही भक्तमंडळी पेव्हर ब्लॉक, कमानी आणि रंगीत दिव्यांच्या उद्घाटनाला हार घेऊन रांगेत. देवाच्या घरात भाडेकरू म्हणून राहायचं आणि मालकाला न विचारता भिंती पाडायच्या, असा हा प्रकार आहे.

आपल्या मुलखात देवळं नंतर आली, जागा आधीपासून देवाच्या होत्या. रामटेकच्या गडावर आज जी राममंदिरं दिसतात ती पुढच्या काळातली. पण वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता पाचव्या शतकात दान देते, तेव्हा ताम्रपटात 'रामगिरीस्वामी'च्या चरणांचा उल्लेख करते. देवाची ओळखच टेकडीवरून सांगितली आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि त्याचा देव झाला, अशी कथा. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्याला नाव याच देवाचं. मेळघाटात कोरकू आदिवासींच्या गावात मुठवा हा ग्रामदेव असतो, त्याला ना कळस ना गाभारा. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला ठिकठिकाणचे गोंड बांधव हजारोंनी जमतात, ते एका नैसर्गिक गुहेपाशी, कारण गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याची आठवण त्या गुहेशी बांधलेली आहे. या सगळ्यांत पूजेचं स्थान म्हणजे तो दगड, ते पाणी, ती गुहा. तिथे सिमेंट ओतलं तर पूजेचं स्थान वाढत नाही, कमी होतं.

लोणारबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे श्रद्धा, शास्त्र आणि सरकारी फाइल या तिन्ही गोष्टी एकाच खड्ड्यात उतरल्या आहेत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आम्हा नागपूरकरांना लोणार जवळ आलं. कथा अशी की लवणासुर इथे जमिनीखाली लपून बसला होता. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी खारट, कारण ते त्याचं रक्त. गावात दैत्यसूदनाचं अप्रतिम कोरीव मंदिर आहे, खाली तळ्याच्या काठी कमळजादेवी. भूशास्त्र सांगतं की अवकाशातून आलेला पाषाण इथल्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडावर, आदळला आणि जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जुना अंदाज पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा होता, नंतरच्या मोजणीत तो साडेपाच लाखांच्या पुढे गेला.

काठावर उभं राहून नीट पाहा. आपल्याकडे काळ्या दगडाचे थर सहसा आडवे, एकावर एक निजलेले असतात. इथे काठाशी ते वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर चक्क उलटे झालेले. एका क्षणाचा धक्का दगडात तसाच उभा राहिला आहे. खाली उतरताना झाडी बदलत जाते. पाण्याजवळ पोचलं की एक उग्र वास नाकात बसतो, पायाखाली काळा मऊ चिखल लागतो आणि तो जिथे वाळलाय तिथे पांढरा क्षार फुललेला असतो. हे पाणी इतकं अल्कधर्मी आहे की आपल्या ओळखीचे मासे त्यात सहसा जगत नाहीत, पण सूक्ष्मजीवांचं अख्खं राज्य त्यात नांदतं.

जून २०२० मध्ये हे तळं गुलाबी झालं. व्हॉट्सअॅपवर कोणी चमत्कार म्हटलं, कोणी कोप. लोणारच्या संरक्षणाची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठापुढे चालूच होती. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले, आणि उत्तर आलं, हॅलोआर्किया. मिठात वाढणारे हे सूक्ष्मजीव. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते भराभर वाढले आणि त्यांचा रंग पाण्याला चढला. मला विचाराल तर हे उत्तर ऐकल्यावर माझं नवल दुपटीने वाढलं. लवणासुराच्या रक्ताची कथा ज्या पूर्वजाने रचली, त्याने तळ्याचा खारटपणा ओळखला होता, त्यातलं वेगळेपण ओळखलं होतं. आता वैज्ञानिक सांगतात की हा खारटपणाच या तळ्याचा प्राण आहे. बाहेरचं गोडं पाणी, गावाचं सांडपाणी, शेतातली खतं आत येत राहिली, तर तळं दिसायला भरलेलं राहील पण लोणार राहणार नाही. २०२० सालीच ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. सांडपाण्याच्या तक्रारी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून न्यायालयात आहेत. नवरात्रात कमळजादेवीला जाणाऱ्या भाविकांनी हा मुद्दा स्वतःचा मानला असता, तर न्यायाधीशांना इतकी वर्षं वारंवार विचारत बसावं लागलं असतं का?

"एवढं सगळं शास्त्राने समजावलं की मग देव राहिला कुठे?" ही भीती मला अनेकदा ऐकू येते. तिचं उत्तर याच शहरात आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे, पण ज्याच्या नावाने ते १८८३ साली निघालं तो माणूस हातात हातोडी घेऊन आपल्या टेकड्या फिरत असे, हे थोड्यांना माहीत असतं. नागपूर बसलंय तेच मुळी एका सीमेवर. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, सीताबर्डी इथे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा दगड, आणि पूर्वेला गेलात की त्याहून कितीतरी जुना खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच वाहून थांबला नाही, तो टप्प्याटप्प्याने आला. दोन टप्प्यांच्या मधल्या काळात दगड थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, काठी झाडं उगवली, आणि पुन्हा वरून लाव्हा आला. सीताबर्डी-टाकळीच्या परिसरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दाबून बसलेल्या गाळात गोड्या पाण्यातले ते शंख दगड होऊन सापडतात. हिस्लॉपने ते गोळा केले, त्यांवर लिहिलं, जगापुढे मांडलं.

हा माणूस देवाला मानत होता, धर्मप्रसार हाच त्याचा पेशा होता. त्याच्या धर्मप्रसाराबद्दल कोणाचं काही मत असो. पण सृष्टी देवाची म्हणून ती वाचू नये, असं त्याला कधी वाटलं नाही. देवाची म्हणूनच ती बारकाईने वाचली पाहिजे, असं त्याचं वागणं सांगतं. गोंडांची लिंगोची गाथा लिहून घेणाराही हाच. १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले प्राचीन दगड, पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला जाणारे आम्ही लोक ज्या टेकडीला नमस्कार करतो, तिच्या पोटात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोगलगाय आहे हे कळल्यावर माझा नमस्कार अधिक खाली वाकतो. शाळेतल्या पोरांना हे दाखवायला टेकडीचा कापलेला कडा उघडा राहिला पाहिजे. आपण त्यावर संरक्षक भिंत घालून वर वाघाचं चित्र रंगवतो.

अर्धवट नवल हे अज्ञानाइतकंच नुकसान करतं. केदारनाथ आठवा. १६-१७ जून २०१३ ला ढगांनी आभाळ फाडलं, वरचं चोराबारी तळं फुटलं, मंदाकिनी दगडगोटे घेऊन खाली आली आणि हजारो माणसं गेली. एक मोठी शिळा देवळाच्या मागे येऊन अडकली, पाण्याचा लोंढा दुभंगला, देऊळ वाचलं. आज त्या शिळेची पूजा होते आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. पण त्या रात्री दुसरंही एक दिसलं होतं. प्राचीन बांधणाऱ्यांनी देवळाला जी जागा निवडली ती टिकली, आणि नदीच्या सोडलेल्या पात्रात, काठाला चिकटून आपण जी हॉटेलं आणि धर्मशाळा उठवल्या होत्या त्या वाहून गेल्या. शिळा देवाची आणि हॉटेलं नशिबाची, असं वाटप करता येणार नाही. शिळा आणून ठेवणारा पूर तोच, हॉटेल नेणाराही तोच. देवाची खूण वाचायची तर पूर्ण वाचावी.

आणि हे हिमालयातच घडतं असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. माणसं दगावली, हजारो घरांतलं धान्य-कपडे-पुस्तकं चिखलात गेली. त्या वेळीही "निसर्गापुढे कोणाचं चालतं" असं आपण म्हणालो. नंतर न्यायालयात जे प्रश्न निघाले ते सांडव्यासमोरच्या अडथळ्यांचे, नदीच्या अरुंद केलेल्या पात्राचे, बांधाच्या मजबुतीचे होते. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळालं, तिचं घाण पाणी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेला, गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळतं. चिखलदऱ्याच्या धबधब्याला देवाची करणी म्हणणारा आणि घराशेजारच्या नदीत निर्माल्याची पिशवी फेकणारा माणूस एकच असतो. भव्य तेवढं देवाचं आणि रोजचं ते महापालिकेचं, ही विभागणी कोणत्या शास्त्रात आहे?

आता विरोधी बाजू. ती खोटी नाही, म्हणून टाळणार नाही.

पहिला मुद्दा वयस्कांचा. ज्या म्हातारीने आयुष्यभर शेतात काम केलं तिला आयुष्यात एकदा गडावर जायचंय, तिला रस्ता नको म्हणणारे तुम्ही कोण? मान्य. म्हणून मी सोयीच्या विरोधात नाही. पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय, धरायला कठडा, प्रथमोपचार, थकलेल्यांसाठी डोली किंवा मर्यादित वाहन, हे सगळं हवं, आणि आजच्यापेक्षा जास्त हवं. पण आराखडे वाचून पाहा. त्यात शौचालयाला शेवटची ओळ असते आणि पहिल्या पानावर सेल्फी पॉइंट, लेझर शो, प्रवेशद्वार, फूड कोर्ट. चिखलदऱ्याला दरीवर काचेचा स्कायवॉक हा कित्येक वर्षं चर्चेचा विषय आहे. दरी पाहायला काचेचा पूल लागतो? म्हातारीला लागतो तो बाक, सावली आणि उतरायला आधार.

दुसरा मुद्दा पोटाचा. मेळघाटातल्या, सालेकशातल्या पोराला रोजगार हवा. तो जंगल राखूनच मिळेल असं मी म्हणतो ते पोकळ आदर्श म्हणून नाही. ताडोबा आणि पेंचच्या दारात शेकडो मार्गदर्शक, जिप्सीचालक, घरगुती मुक्काम चालवणाऱ्या बाया आज त्यावरच जगताहेत, कारण तिथे आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे. वाघाला आपण मर्यादा लावून पाहतो आणि त्याची किंमत वाढते. मग देवाला का नाही?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आमच्याच लोकांकडून येतो. देव समर्थ आहे, तो आपलं पाहून घेईल. असं असतं तर गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव कशाला फिरले असते? अमरावती जिल्ह्यातला हा माणूस रात्री कीर्तनाला उभा राहण्याआधी दिवसभर गाव झाडत असे. देवाने करावं म्हणून तो थांबला नाही. आपण त्याच्या नावाने स्वच्छतेचे पुरस्कार दिले आणि त्याची रीत तेवढी सोडली.

आणखी एक धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. "ही जागा देवाची" म्हटलं की उद्या कोणीतरी दगडाला शेंदूर फासतो, परवा पत्र्याचं छत घालतो, वर्षभरात हॉल उभा. नागपूरने हे भरपूर पाहिलंय. २०१८ साली खंडपीठाच्या आदेशानंतर शहरातल्या अनधिकृत धार्मिक बांधकामांवर कारवाई झाली, तेव्हाचा गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. माझा युक्तिवाद या शेंदराच्या बरोबर उलट दिशेला जातो. टेकडीच देव असेल तर तिच्यावर वेगळं देऊळ कशाला लागतं?

ज्यांना निर्माता देव मान्य नाही, त्यांना मी या लेखात ओढू इच्छित नाही. हे शहर १४ ऑक्टोबर १९५६ चं शहर आहे. बाबासाहेबांच्या मागे लाखोंनी ईश्वर नाकारला, आणि त्यांच्यापैकी कोणी दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षापुढे थांबतं तेव्हा त्या झाडाबद्दलचा आदर माझ्यापेक्षा तसूभरही कमी नसतो. डोंगर वाचवायला त्यांना देवाची गरज नाही. माझं म्हणणं आम्हाला आहे, जे रोज देवाचं नाव घेतो.

आमच्या हातात एक हत्यार आहे आणि आम्ही ते वापरत नाही. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण होणार होती. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला आपल्या नियमराजा या देवाचं स्थान मानतात. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणीमुळे त्यांच्या धार्मिक हक्कांना धक्का पोचतो का, याचा विचार ग्रामसभांनी करावा. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही गावांनी नकार दिला, खाण थांबली. म्हणजे डोंगरावरची श्रद्धा ही या देशात कायद्यापुढे उभी राहू शकणारी गोष्ट आहे. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगररांगेत लोहखनिज निघतंय. नागपुरातल्या किती देवस्थान समित्यांनी, किती भजनी मंडळांनी ठाकूरदेवासाठी एका कागदावर सही केली? तो आपला देव नाही म्हणून? मग सगळी सृष्टी एका देवाची, हे कीर्तनात कोणासाठी सांगतो?

बोलणं इथेच सोडायचं नसेल तर सुरुवात नागद्वारपासून करता येईल. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरात ही यात्रा भरते आणि तिच्यात सगळ्यात मोठी गर्दी विदर्भाची असते. वाट जाते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून. पावसात निसरडे चढ, दोन्ही बाजूंनी वाळूचा दगड, झरे ओलांडत "हर हर महादेव" करत माणसं रात्रभर चालतात. जागोजागी आपल्याकडच्या सेवा मंडळांचे भंडारे असतात, अनोळखी माणसाला हाताला धरून बसवून जेवू घालतात. एवढी माया क्वचित कुठे पाहायला मिळते. आणि त्याच वाटेवर पाण्याच्या बाटल्या, पाऊच, रेनकोटची फाटकी प्लॅस्टिकं झऱ्यात वाहत जातात. या मंडळांकडे माणसं आहेत, ट्रक आहेत, शिस्त आहे. स्टीलच्या ताटात वाढणं, जाताना नेलेला प्रत्येक पाऊच परत आणणं, आपल्या भंडाऱ्याच्या वरखाली अर्धा-अर्धा किलोमीटर वाट साफ ठेवणं, हे त्यांनी ठरवलं तर वन खात्याच्या कुठल्याही फलकापेक्षा लवकर होईल.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण तेच जास्त महत्त्वाचं. शहराचा किंवा प्रदेशाचा विकास आराखडा प्रारूप म्हणून जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. खाणीसाठी जनसुनावणी होते. तीर्थक्षेत्राच्या कामाच्या निविदा निघतात. या प्रत्येक टप्प्यावर देवस्थान ट्रस्टच्या, यात्रा मंडळाच्या, हरिपाठ मंडळाच्या लेटरहेडवर एक लेखी हरकत जावी. आमच्या देवाच्या डोंगराचा उतार तोडू नका, झऱ्याचा उगम बांधून काढू नका, पार्किंग पायथ्याशी ठेवा, वर दिवे कमी लावा. खाली अध्यक्ष, सचिव आणि वारी करणाऱ्या दोनशे बाया-माणसांच्या सह्या. पर्यावरणवाल्याचं पत्र बाजूला सारणारा अधिकारी हे पत्र दोनदा वाचेल.